पदवीनंतर एक वर्ष परदेशात काम करत राहण्याचा विचार आहे: वरुड तालुक्यातून काही प्रश्न

आंबियाबहार (वरुड तालुका, जिल्हा अमरावती)

सर्वांना नमस्कार. मी वरुड तालुक्यातल्या एका लहान गावात राहते आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या एका संलग्न महाविद्यालयात बी.एस्सी. (कृषी)च्या शेवटच्या सत्रात शिकते. वय बावीस. घरी चार एकर संत्रा आहे, त्यात आम्ही आंबिया बहार घेतो, आणि उरलेल्या दोन एकरांत पऱ्हाटी (कापूस) आणि तूर असते. पुढे उद्यानविद्येत एम.एस्सी. करायचे ठरलेले आहे. परंतु सलग सोळा वर्षे शिकल्यानंतर मध्ये एक वर्ष थांबावे आणि त्या वर्षात देशाबाहेर जाऊन, तिथेच काम करून, तिथल्याच मिळकतीवर तो देश पाहावा, असे गेले वर्षभर मनात आहे. ज्या पिकावर आमचे घर चालते तेच पीक दुसरीकडचे लोक कसे छाटतात, कसे तोडतात, तोडल्यावर त्याचे काय करतात, हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे, एवढीच त्यामागची ओढ आहे. कायमचे बाहेर राहण्याचा विचार नाही.

अडचण अशी की माहिती जितकी गोळा करते तितका गोंधळ वाढतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एका सल्लागाराकडे मैत्रिणीसोबत जाऊन आले. त्यांनी कॅनडा, जपान आणि ऑस्ट्रेलिया अशी तीन नावे एका दमात घेतली, साडेचार लाखांचा आकडा सांगितला आणि ‘तुमचे काम शंभर टक्के होईल’ असे आश्वासनही दिले. शंभर टक्के हा शब्द ऐकूनच मला शंका आली, कारण आमच्या भागात बोगस बियाणे विकणाराही तोच शब्द वापरतो.

बाबांचा विरोध नाही, पण त्यांनी एक अट घातली आहे: ‘आधी सगळा खर्च कागदावर मांड, एकही पैसा अंदाजाने लिहू नको, मग बोलू.’ मोठ्या आईला मात्र हे वर्ष वाया जाईल आणि स्थळे परत जातील अशी काळजी वाटते. माझा धाकटा भाऊ बारावीत असून तोही ‘मीपण येतो’ म्हणून मागे लागला आहे. तेव्हा देश पाहता पाहता तिथे काम करू देणारा असा व्हिसा भारतीयांना नेमका कोणता देश देतो, खरोखर किती पैसे लागतात, आणि एका वर्षाच्या खंडामुळे पुढच्या प्रवेशाला अडथळा येतो का, हे कोणी स्वानुभवाने सांगू शकेल का?


काटोलकर (सध्या मिल्ड्युरा, ऑस्ट्रेलिया)

ताई, तुमची शंका रास्त आहे. मी काटोल तालुक्यातला. ऑस्ट्रेलियाने भारतीयांसाठी या व्हिसाची पहिल्यांदा जी सोडत काढली तिच्यात माझे नाव निघाले, आणि आता दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळवून मी व्हिक्टोरिया राज्यातल्या मिल्ड्युराजवळ राहतो. मेलबर्नपासून हे ठिकाण साडेपाचशे किलोमीटर आत आहे. मरे नदीच्या पाण्यावर द्राक्षे आणि संत्रा पिकवणारा हा पट्टा आपल्या माणसाला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटतो, फक्त माती लाल आहे आणि वावराला धुरे (बांध) दिसत नाहीत.

आधी देशांविषयी. कॅनडाच्या आणि जपानच्या अशा योजनांमध्ये भारताचा समावेश नाही, त्यामुळे ती दोन नावे खोडून टाका. ऑस्ट्रेलियाचे दार उघडले ते भारत-ऑस्ट्रेलिया आर्थिक सहकार्य आणि व्यापार करारामुळे. तो करार २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला आणि त्यात दरवर्षी १,००० भारतीय तरुणांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा देण्याचे ठरले. त्याचा उपवर्ग ४६२ आहे. इंटरनेटवर तुम्हाला ४१७ या आकड्याची माहितीही भरपूर सापडेल, पण तो व्हिसा भारतीय पासपोर्टवर मिळत नाही, तेव्हा ते वाचण्यात वेळ घालवू नका.

आता मुख्य गोष्ट. जागा हजार, आणि इच्छुक किती? पहिल्या वेळी, म्हणजे १ ते ३१ ऑक्टोबर २०२४ या काळात, नोंदणी खुली होती. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० जणांनी नावे नोंदवली. नोंदणीचे शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे साधारण दीड हजार रुपये, आणि ते परत मिळत नाही. निवड संगणक करतो. गुण, मुलाखत, शिफारस यांपैकी कशाचाही तिच्यात वाटा नसतो. त्यामुळे जो माणूस ‘शंभर टक्के’ म्हणतो त्याने एकतर ही सोडत पाहिलेली नाही किंवा तो तुमच्याकडे दुसऱ्याच नजरेने पाहतो आहे. नोंदणीच्या तारखा दर वर्षी तेथील गृहखात्याच्या संकेतस्थळावरच जाहीर होतात. त्या तिथेच पाहाव्यात, कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशावर विसंबू नये.

नाव निघाले की खरा अर्ज करायला २८ दिवस मिळतात, आणि आपल्याकडच्या मुलांची दमछाक होते ती इथे. वय १८ पूर्ण आणि ३१ च्या आत, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरते इंग्रजी आणि स्वतःच्या नावावर सुमारे ५,००० डॉलर व परतीच्या प्रवासापुरते पैसे, एवढे दाखवावे लागते. तुमचा भाऊ शिक्षणाच्या अटीतच अडकतो. त्याला आधी पदवीची दोन वर्षे पूर्ण करू द्या. इंग्रजीसाठी परीक्षा देता येते, पण तुमची पदवी पूर्णपणे इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर महाविद्यालयाचे तसे पत्र पुराव्यात चालते. हे पत्र आत्ताच घेऊन ठेवा. सुट्यांमध्ये कार्यालयातील बाबू गावाला गेलेले असतात आणि २८ दिवस कोणासाठी थांबत नाहीत. अर्जाचे शुल्क जुलै २०२५ पासून ६७० डॉलर आहे, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या आसपास.

कामाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमची ओढ त्यासाठी आहे. इथे नारिंगी संत्र्याची, म्हणजे ज्याला हे लोक नेव्हल म्हणतात त्याची तोड मे-जूनपासून सुरू होते, जेव्हा इथे हिवाळा असतो. माझा पहिला दिवस मला नीट आठवतो. आपल्याकडच्या सवयीने मी सहा वाजता तयार होऊन बागेत जाऊन उभा राहिलो, तर मुकादम म्हणाला की थांब, फळ ओले आहे. दहिवर वाळेपर्यंत इथे कोणी फळाला हात लावत नाही, कारण ओल्या सालीवर बोटांचा दाब पडला की सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी डाग उमटतो. निर्यातीचा माल त्या एका डागाने रस काढायच्या कारखान्यात जातो. आम्ही बावीस जण साडेनऊपर्यंत ट्रॅक्टरच्या आडोशाला हात चोळत बसलो होतो, आणि त्या साडेतीन तासांचे पैसे कोणालाच मिळाले नाहीत. मला राहून राहून आपल्या बागेतली तोड आठवत होती, जिथे उजाडायच्या आधी झाडाखाली क्रेट मांडलेले असतात आणि व्यापाऱ्याची गाडी धुऱ्यावर उभी असते. आपल्या संत्र्याची साल तर याहून नाजूक आणि सुटी. काटोलला डाग पडलेल्या फळाचा दोष आम्ही नेहमी गाडीतल्या हादऱ्यांना देत आलो.

गळ्यात अडकवायची पिशवी भरली की वीस किलोच्या आसपास वजन होते आणि ते शिडीवरून उतरवावे लागते. पहिला आठवडा खांदे वर उचलले जात नव्हते. मजुरी दोन प्रकारची असते: तासावर किंवा भरलेल्या पेट्यांवर. देशाचे किमान वेतन जुलै २०२५ पासून ताशी २४.९५ डॉलर आहे, आणि कॅज्युअल, म्हणजे आपल्या रोजंदारीसारख्या कामाला त्यावर २५ टक्के जादा द्यावे लागतात. पेट्यांवर काम असले तरी एप्रिल २०२२ पासून फळबागेतल्या कामगाराला तासाच्या किमान दराची हमी आहे. म्हणजे हात हळू चालला तरी त्या दराखाली पैसे देता येत नाहीत. हे कागदावर आहे. प्रत्यक्षात माझ्या पहिल्याच ठेकेदाराने तीन आठवडे पावती दिली नाही आणि राहण्याच्या जागेचे भाडे परस्पर कापून घेतले. वेतनाची पावती पगारानंतर एका कामाच्या दिवसाच्या आत मिळालीच पाहिजे, हा इथला नियम मला तेव्हा माहीत नव्हता. तुम्हाला तो आता माहीत झाला आहे. दाद मागायची असेल तर फेअर वर्क ऑम्बड्समन हे सरकारी कार्यालय आहे, आणि तिथे दुभाषाही मिळतो.

या व्हिसावर काम करणाऱ्यांच्या मिळकतीवर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर लागतो. मालक १२ टक्के निवृत्तिनिधी वेगळा भरतो, पण देश सोडताना तो काढला तर त्यातले ६५ टक्के कर म्हणून जातात, म्हणून तो पैसा हिशोबात धरूच नका. भाडे, किराणा आणि पावसाचे रिकामे दिवस वजा जाता माझ्याकडे चौदा आठवड्यांनंतर एवढे उरले की मी अ‍ॅडलेड आणि मेलबर्न नीट पाहू शकलो आणि येण्याच्या तिकिटाचे एकेचाळीस हजार रुपये घरी परत पाठवू शकलो. कर्ज फेडण्याइतके उरले नसते.


पांढरकवड्याचा मास्तर (जिल्हा यवतमाळ)

वरच्या उत्तराला एक जोड देतो. माझ्या साळ्याने दोन वर्षांपूर्वी ‘फळतोडणीचा व्हिसा’ म्हणून एका दलालाला एक लाख ऐंशी हजार रुपये दिले. त्याच्या हातात एक नियुक्तिपत्र पडले, त्यावर शिक्काही होता आणि आम्ही सगळ्यांनी ते देव्हाऱ्यापुढे ठेवले होते. पुढे कळले की अर्ज पर्यटक व्हिसाचा केलेला होता आणि तोही नाकारला गेला होता. पैसे आजवर परत आलेले नाहीत.

त्या प्रकारातून शिकलेल्या दोनच गोष्टी सांगतो. वर्क अँड हॉलिडे व्हिसाला कोणत्याही मालकाचे नियुक्तिपत्र लागत नाही, त्यामुळे जो ते विकतो तो काहीतरी वेगळेच विकतो. आणि परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणारा दलाल भारत सरकारच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला असावा लागतो. त्यालाही सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. साडेचार लाख कशाचे, एवढेच त्या सल्लागाराला लेखी विचारा. उत्तर येणार नाही.


निवृत्त शाखाधिकारी (हिंगणघाट)

बेटा, तू माझ्या नातीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहितो. तुझ्या वडिलांची अट मला फार आवडली. चौतीस वर्षे ग्रामीण शाखांमध्ये काढल्यामुळे सांगतो की शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाचा व्हिसा पैसा नसल्यामुळे क्वचितच अडतो. पैसा कुठून आला हे दाखवता न आल्यामुळे तो अडतो.

पाच हजार डॉलर म्हणजे आजच्या भावाने तीन लाख रुपये होतात. ते तुझ्या एकटीच्या नावावरच्या बचत खात्यात असावेत. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम तीन लाख जमा झालेले खाते पाहिले की तपासणाऱ्याच्या मनात पहिला विचार उसनवारीचा येतो. म्हणून संत्र्याचे पैसे आले की वडिलांनी ते स्वतःच्या खात्यातून तुझ्या खात्यात धनादेशाने किंवा ऑनलाइन वर्ग करावेत, रोख भरू नयेत. सोबत एक साधे बक्षीसपत्र करून ठेवावे. वडिलांनी मुलीला दिलेल्या बक्षिसावर आयकर लागत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे तुमच्याकडे आयकराचे विवरणपत्र बहुधा नसेल. त्याच्या जागी सातबारा, बाजार समितीची किंवा व्यापाऱ्याची हिशोबपट्टी आणि ज्या खात्यात ती रक्कम आली त्याचा उतारा, ही साखळी जुळली की पुरे. व्यापाऱ्याने बाग ठोक भावाने घेऊन रोख पैसे दिले असतील तर या वर्षी त्याला खात्यावर पैसे द्यायला सांगा. थोडी कुरकुर करील, पण देईल.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. पीककर्जाचा पैसा यात चुकूनही वळवू नका. मी असे प्रकार पाहिले आहेत. जूनमध्ये नूतनीकरण होत नाही, बियाण्याला सावकाराकडे जावे लागते, आणि मुलगा तिकडे परक्या देशात ताणात असतो. तीन लाख बाजूला ठेवण्याइतका या वर्षी भाव मिळाला नसेल तर एक वर्ष थांबावे. तुझे वय बावीस आहे, मर्यादा तिशीपर्यंत आहे.

परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते त्या कराची, म्हणजे टीसीएसची काळजी तुला करावी लागणार नाही. १ एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा वर्षाला १० लाख रुपये आहे. आणि हे तीन लाख कुठे भरायचे नसतात, हे वडिलांना नीट समजावून सांग. ते तुझेच राहतात; काम मिळेपर्यंतचे पहिले दोन महिने त्यावर निघतात. खरोखर हातातून जाणारा खर्च म्हणजे शुल्क, वैद्यकीय तपासणी, बायोमेट्रिक्स, तिकीट आणि विमा. विमा टाळू नको. तिथल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेचा लाभ आपल्या नागरिकांना या व्हिसावर मिळत नाही, आणि शिडीवरचे काम आहे.


आंबियाबहार

काटोलकर दादा, मास्तर, काका, आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. काकांचे उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. ‘रोख भरू नयेत’ या वाक्यापाशी त्यांनी परत वाचायला सांगितले आणि मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागच्या हंगामाचे निम्मे पैसे रोख आले होते.

दहिवराची गोष्ट वाचून मी काल सकाळी बागेत जाऊन मागे राहिलेली काही फळे ओली असताना दाबून ठेवली आहेत, काही वाळल्यावर. दोन दिवसांनी काय होते ते पाहते.

आता प्रश्न उरतो तो सोडतीचा. चाळीस हजारांत एक हजार, म्हणजे माझे नाव निघणार नाही असेच धरून चालावे लागेल. मग ते वर्ष मोकळे सोडायचे की नाही? एम.एस्सी.च्या सीईटीचा अर्ज भरायचा की नाही? आणि नाव निघालेच, तर बाबांना ऐन तोडीच्या वेळी एकटे टाकून जायचे का, हेही मला सुटत नाही.


वर्धेकर (लीड्स, इंग्लंड)

नमस्कार. एकाच सोडतीवर वर्ष टांगून ठेवू नका, दुसरीही आहे. ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स स्कीम’ फक्त भारतीयांसाठी आहे; ती २०२३ मध्ये सुरू झाली, वर्षाला ३,००० जागा असतात, आणि सोडत साधारणपणे फेब्रुवारीत आणि जुलैत निघते. त्यात नाव नोंदवायला शुल्क नाही, मात्र खिडकी दोनच दिवस उघडी असते. पदवी पूर्ण असावी लागते, म्हणून तुमचा निकाल वेळेवर लागला तर जुलैची सोडत तुम्हाला जमू शकते. व्हिसा दोन वर्षांचा मिळतो आणि इंग्रजीची परीक्षा लागत नाही.

खर्चाचा भाग मात्र आधीच वडिलांच्या कागदावर लिहा. खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस राहिलेले दाखवावे लागतात. अर्जाचे शुल्क एप्रिल २०२५ पासून ३१९ पौंड आहे. आणि सर्वांत जड पडतो तो आरोग्य अधिभार, वर्षाला ७७६ म्हणजे दोन वर्षांचे १,५५२ पौंड, तेही अर्जासोबतच. एकूण दोन लाखांच्या वर रुपये हातातून जातात. क्षयरोगाची तपासणीही करावी लागते. शेतीचे काम इथे मिळेलच असे नाही, मी स्वतः एका गोदामात लागलो होतो आणि नंतर प्रयोगशाळेत. तुमची ओढ संत्र्याची असेल तर हा देश त्यासाठी नाही, एवढे प्रामाणिकपणे सांगतो. दोन वर्षे राहून मला एकही संत्र्याचे झाड दिसलेले नाही.


मोर्शीचा बागायतदार

तुमचा तोडीचा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले, कारण बाकीच्या गोष्टी मला कळत नाहीत, पण बहाराचे गणित कळते.

आंबियाची तोड ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत संपते. त्यानंतर बागेला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचे, आणि जानेवारीत ताण तोडून खत-पाणी दिले की फूल येते. काटोलकर सांगतात त्याप्रमाणे तिकडची संत्र्याची तोड मे-जूनमध्ये सुरू होते. म्हणजे तुमचा बहार आणि त्यांचा बहार एकमेकांच्या पायात येतच नाहीत. तुम्ही तोड आटोपून, पहिले पाणी सोडून जानेवारीच्या अखेरीस निघालात तर वडिलांचे अडणार नाही. पुढच्या तोडीला मात्र त्यांना एक विश्वासू माणूस लागेल, आणि तो आत्तापासून पाहावा लागेल, कारण दिवाळीनंतर आमच्याकडे मध्य प्रदेशातून येणारे तोडकरीही मिळेनासे होतात.

दुसरे, मोठ्या आईविषयी. माझी मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा घरात हेच बोलणे झाले होते. मी त्यात पडलो नाही आणि स्थळेही परत गेली नाहीत. डिंक्या रोगाने झाड गेले तर आपण पुन्हा लावतो, पाच वर्षे वाट पाहतो. मुलीच्या एका वर्षाचा हिशोब मात्र दिवसागणिक मांडतो.


काटोलकर (सध्या मिल्ड्युरा, ऑस्ट्रेलिया)

मोर्शीच्या काकांनी मांडलेले गणित व्हिसाच्या नियमातही बसते. व्हिसा मंजूर झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत कधीही प्रवेश करता येतो, आणि तुमचे वर्ष प्रवेशाच्या दिवसापासून मोजले जाते. त्यामुळे घाई करून तोडीच्या तोंडावर निघण्याचे कारण नाही. जानेवारीच्या शेवटी आलात तर इथे खाण्याच्या द्राक्षांची तोड चालू असते, ती एप्रिलपर्यंत पुरते, आणि मग संत्रा. सर्वसाधारणपणे एका मालकाकडे सहा महिन्यांपर्यंतच काम करता येते, शेतीच्या कामाला त्यात सवलत आहे. दुसरे वर्ष हवे असेल तर ठरलेल्या भागांत ठरलेले काम तीन महिने, म्हणजे किमान ८८ दिवस, करावे लागते आणि त्या अर्जाला सोडत लागत नाही. पण ते काम पगारी असावे लागते. जेवण आणि निवाऱ्याच्या बदल्यात केलेले दिवस मोजत नाहीत, म्हणून मागण्याच्या आधी पावत्या जपून ठेवा.

सीईटीचा अर्ज अवश्य भरा. मी असे ठेवले होते: नाव निघाले नाही तर प्रवेश, निघाले तर पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा. आपल्या राज्यात शिक्षणातल्या खंडासाठी प्रतिज्ञापत्र मागतात, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात. तहसील कार्यालयाच्या आवारात अर्ध्या दिवसात ते होते. त्याचा बाऊ करू नका. आणि दोन्ही गोष्टी जमल्या नाहीत तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे लक्ष ठेवा. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांमध्ये प्रकल्पांवर ‘यंग प्रोफेशनल’ म्हणून पदवीधरांना करारावर घेतात. योगायोगाने नाव ब्रिटनच्या योजनेसारखेच आहे, फक्त तिथे जायला वरुडहून बस मिळते.

इथल्या बागांत एक गोष्ट नक्की पाहा. आपण जंबेरीच्या खुंटावर कलम बांधतो. इथे बहुतेक ठिकाणी ट्रायफोलिएट आणि सिट्रेंज खुंट दिसतात, आणि डिंक्याविषयी विचारले की माळी फक्त बुंध्याकडे बोट दाखवतो. तुम्ही उद्यानविद्या शिकणार आहात, मला त्यातले जेवढे कळले नाही तेवढे तुम्हाला कळेल.


आंबियाबहार

बाबांसोबत बसून कागद केला. ऑस्ट्रेलियाचा आणि ब्रिटनचा, दोन रकाने. ब्रिटनच्या रकान्यातील आरोग्य अधिभाराचा आकडा पाहून बाबांनी तो रकाना स्वतःच खोडला. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीचे पंचवीस डॉलर ‘लॉटरीचे तिकीट समजून’ देणार म्हणाले. सीईटीचा अर्जही भरते आहे. मोठी आई अजून बोलत नाही, पण काल तिने विचारले की तिकडे उपवासाचे मिळते का.

ओली दाबलेली बारा फळे होती, त्यांतल्या सातांवर डाग आला. कोरड्यांपैकी एकावर. मोजणी फार लहान आहे हे मला कळते, तरी बाबांनी ती फळे ओसरीवर ठेवून दोन शेजाऱ्यांना दाखवली.

आता एकच छोटी शंका. नोंदणीला पासपोर्टसोबत पॅन लागतो असे वाचले. माझ्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग नाव, मग बाबांचे नाव आहे. पॅनवर बाबांचे नाव मधे आहे पण त्यात इंग्रजीत एक ‘ए’ जास्तीचा पडला आहे. पासपोर्ट अजून काढायचा आहे. आधी काय दुरुस्त करू?


निवृत्त शाखाधिकारी (हिंगणघाट)

होय, पॅनचा क्रमांक लागतो. आधी दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेव आणि त्यावरचे स्पेलिंग प्रमाण मान. त्याप्रमाणे आधार तपास, मग पॅनची दुरुस्ती ऑनलाइन टाक, आणि ते कार्ड हातात आल्यावरच पासपोर्टचा अर्ज कर. उलट क्रमाने गेलीस तर दोन ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल. पासपोर्टच्या अर्जात आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने असतात. वडिलांचे नाव ‘दिलेल्या नावा’त तुझ्या नावापुढे लिहायचे, आडनावाच्या रकान्यात नाही. शुल्क छत्तीस पानी पुस्तिकेला १,५०० रुपये आहे. पोलीस पडताळणीला जमादार घरी येईल तेव्हा वडिलांना वावरात पाठवू नको, त्यांची सही लागली तर दुसरी फेरी पडते.

आणि मोठ्या आईला सांग, साबुदाणा तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतो. भगर मात्र सोबत न्यायची नाही, तिथल्या विमानतळावर धान्य आणि बियाणे काढून घेतात.